सतरावा डबा

३ मार्च, सोमवार

चिरंजीवास,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहायला नकोत.

पत्र पाहून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा चढतो आणि माझा चढला की तू फोन ठेवतोस. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून कागद.

काम लहान आहे. मागच्या खोलीच्या दाराशी तुझा एक लोखंडी डबा पडलाय. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, मागून वायरींचा झुपका लोंबणारा. वाऱ्याने दार आपटतं म्हणून तू इथे होतास तेव्हाच तुझ्या आईने तो तुझ्याकडून मागून घेतला आणि दाराला लावला. गेली सहा वर्षं मी येता-जाता त्याला पायाने सरकवतो. आता त्या दारातून पलंग आत न्यायचा आहे आणि डबा आडवा येतो. टाकून देऊ का?

तू म्हणशील, बाबा आणि विचारतायत? मागच्या वेळी विचारलं नव्हतं, म्हणून या वेळी विचारतो. मागच्या वेळेबद्दल मला नवीन काही बोलायचं नाही. तुझे असलेच सोळा डबे मी भंगारवाल्याला दिले ते तपासून दिले. एकेक उचलून दुकानाच्या काउंटरवर ठेवला, प्लग लावला, मागचं बटण दाबलं. एकानेही हूं की चूं केलं नाही. चालू काय आणि बंद काय हे ओळखून मी चाळीस वर्षं घर चालवलं. किल्ली दिल्यावर जे चालत नाही ते बंद, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. तू त्या दिवशी दारात उभा राहून एवढंच म्हणालास, "बाबा, ते मेलेले नव्हते." मी म्हणालो, "घड्याळजी मी आहे की तू?" आणि तो विषय तिथेच मिटला. निदान माझ्या बाजूने मिटला.

आणखी एक. आईच्या ट्रंकेत पांघरुणांच्या तळाशी काळे चौकोनी पंखे सापडले. तळहाताएवढे, सहा नग. हे कॉम्प्युटरच्या पोटातलेच ना? तिला विचारलं तर म्हणते, "असू द्यात, पांघरुणांना ऊब राहते." पंख्याने ऊब राहते हे मला या वयात कळलं.

दुकान चाललंय. लोक सेल बदलायला येतात, पट्टा तोकडा करून घेतात आणि भिंतीवरची घड्याळं बघून "अजून चालतात का हो ही?" असं विचारतात. आई मजेत आहे. रविवारच्या फोनवर ती हल्ली कमी बोलते असं वाटत असेल तर तिचा घसा जरा बसलाय.

डब्याचं कळव.

बाबा


९ मार्च, रविवार

चिरंजीवास,

सहा दिवसांत उत्तर यावं अशी अपेक्षा धरणारा मीच वेडा. सहा वर्षांत मी तरी कुठे लिहिलं होतं?

आज तुम्ही दोघं बोललात. तू फोन केलास की मी दुकानात जातो अशी आपली पद्धत. आज मी गेलो नाही, जिन्यात उभा राहिलो. चार मिनिटं ऐकलं. तुझी आई एक वाक्य बोलते, मग फोनवर तळहात घट्ट ठेवते आणि श्वास घेते. तुला ऐकू जाऊ नये म्हणून. श्वास पुरेसा जमला की हात काढते आणि हसऱ्या आवाजात पुढचं वाक्य बोलते. तुला वाटत असेल, आई विचार करून बोलतेय. तुझ्या आईने उभ्या जन्मात कधी विचार करून बोललेलं तू ऐकलंस का?

तेव्हा मागच्या पत्रातली दोन वाक्यं खोडून टाक. घसा बसलेला नाही आणि सगळं ठीक नाही.

तिची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. छातीचे डॉक्टर तसंच म्हणाले, कडक. दीड वर्षापासून आहे. तुला सांगू नका अशी तिने मला शपथ घातली होती, आणि मी ती पाळली याचं कारण तिची शपथ कमी आणि माझा ताठा जास्त. तुला कळवायचं म्हणजे मला लिहावं लागणार होतं. पलंग मागच्या खोलीत न्यायचाय तो तिचा. तिथे खिडकी मोठी आहे.

डॉक्टर म्हणाले, "औषधं मी देतोय ती आत काम करतील. पण बाहेरून एक करा. चेहऱ्यावर, गालांवर, नाकाशी हलका वारा राहू द्या. त्याने रोग जात नाही, पण माणसाला हवा मिळतेय असं वाटतं, आणि तसं वाटणंही मोठं असतं." त्यात काय एवढं, असं मला वाटलं. घरात पंखे का कमी आहेत? छताचा लावला तर ती म्हणते, कुणी वरून दाबतंय असं होतं. टेबलपंखा ठेवला तर त्याची घरघर, डोळे कोरडे पडतात, आणि मी काय बोलतो ते तिला ऐकू येत नाही. हा तिसरा मुद्दा तक्रार म्हणून सांगितला की फायदा म्हणून, ते कळलं नाही.

मग मी पुठ्ठ्याने वारा घालतो. दुपारी दुकान बंद करून येतो, खुर्ची ओढतो आणि घालत बसतो. एका लयीत घातला की तिला बरं वाटतं. लय चुकली की डोळे उघडते. तासाभरात खांदा भरून येतो, मग मी हात बदलतो, पण डाव्या हाताला ती लय नाही. काल म्हणाली, "तुमचा डावा हात पाच मिनिटं मागे चालतो." चाळीस वर्षं घड्याळजीबरोबर संसार केल्यावर बायका असं बोलतात.

ट्रंकेतल्या पंख्यांवर बारा व्होल्ट असं लिहिलंय. माझ्या दुकानातले सेल दीडचे नाहीतर तीनचे. दोन-तीन जोडून पाहिले, पातं थरथरलं आणि थांबलं.

डबा टाकलेला नाही. पलंग आत गेला तरी तो तिथेच आहे, भिंतीकडे सरकवून ठेवलाय.

हे मी कळवलं ते तिला सांगू नकोस. तुला ती अजून खटपट्याच म्हणते. मी समोर नसताना.

बाबा


१५ मार्च, शनिवार

चिरंजीवास,

आज जे झालं ते आजच लिहायला हवं, उद्या मी त्यात शहाणपणा मिसळीन.

दुपारची वेळ. आई तीन उशांना टेकून बसली होती. मी वारा घालत होतो. ती मध्येच म्हणाली, "तो डबा घ्या की." मी म्हटलं, कुठला? तिने डोळ्यांनीच भिंतीकडे दाखवलं. म्हटलं, तो मेलाय. ती नुसती बघत राहिली. ते बघणं तुला माहीत आहे.

स्टूल आणलं, डबा त्यावर ठेवला, प्लग लावला, बटण दाबलं. काहीही झालं नाही. आता एक कबूल करतो, हसू नकोस. मला बरं वाटलं. बायको समोर हवेसाठी तगमगतेय आणि मला आतून बरं वाटलं, की बघ, सहा वर्षांपूर्वी मी चुकलो नव्हतो. माणूस किती खाली जातो याचं हे माप ठेव जपून.

मी म्हटलं, "बघितलंस? मेलेला."

ती म्हणाली, "त्याला तसं... नाही चालत. प्लग लावला की... तो नुसता जागा होतो. ऊठ म्हणावं लागतं."

"कुणी म्हणायचं?"

"हिरवी वायर शोधा. एकच असते. ती आणि काळी... जोडा."

घरात वीज मोजायचं मीटर माझ्याकडे, डोळ्यावर चढवायचं भिंग माझ्याकडे, आणि वायरी तिला ठाऊक. जोडू कशाने विचारलं तर तिने मानेमागे हात नेऊन अंबाड्यातली पिन काढली आणि दिली. तेवढ्या हालचालीने तिला धाप लागली, म्हणून आधी पाच मिनिटं पुठ्ठा चालवला.

मग वायरींच्या टोकाच्या रुंद प्लगमध्ये हिरवी शोधली, शेजारची काळी, आणि पिनेचे दोन पाय दोन भोकांत घातले. पुन्हा काही नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, आवाज न करता, कारण आवाज परवडत नाही. म्हणाली, "पिनेला काळा रंग असतो. खरवडा. त्यानेही पहिल्यांदा... हेच केलं होतं."

चाकूने पिनेचे पाय खरवडून पांढरे केले आणि पुन्हा घातले.

तू हे शेकडो वेळा पाहिलं असशील. मी पहिल्यांदा पाहिलं. आधी डब्याच्या पोटात बारीक टक् झालं. मग त्याचा स्वतःचा पंखा सावकाश फिरायला लागला आणि जाळीतून सहा वर्षांची धूळ माझ्या तोंडावर आली. मग मी तुझ्या काळ्या पंख्यांपैकी एक घेतला, पिवळ्या आणि काळ्या वायरीला लावला, आणि त्याची पाती एकदम दिसेनाशी झाली. होती तिथेच, पण दिसेनात. मी सगळा जन्म चाकं फिरताना पाहिली रे. हलतात ती दात मोजता येतील अशी, आणि कुणाच्या तरी बोटांनी किल्ली दिली म्हणून. इथे एका केसाच्या पिनेने सांगितलं आणि लोखंडाचा धोंडा उठून कामाला लागला. मी हात जोडले की काय ते आठवत नाही, आई म्हणते जोडले.

तो तिच्या चेहऱ्यासमोर धरला. कपाळावरचे सुटे केस उडाले. तिने डोळे मिटले. खांदे कानांपाशी चढलेले असतात हल्ली, ते हळूहळू खाली उतरले. मी सवयीने सेकंदकाट्यावर तिचे श्वास मोजले. आधी मिनिटाला बत्तीस होते. थोड्या वेळाने सव्वीस झाले. पुन्हा मोजले. पुन्हा सव्वीस. दीड वर्षात मला हा आकडा औषधाच्या बाटलीतून मिळाला नव्हता. मी खुर्चीत बसलो आणि रडलो, ती डोळे मिटून होती म्हणून चाललं.

तिला झोप लागल्यावर मी दुकानातून मीटर आणलं. पंखा दुसऱ्या कुणी धरायला नव्हता, म्हणून दोन उशांमध्ये खोचला. एकेका वायरीला मीटर लावत गेलो. पिवळीवर बारा. लालवर पाच. केशरीवर तीन आणि वर थोडं. आणि एक जांभळी, तिच्यावरही पाच. आई चुळबुळली म्हणून क्षणभर हिरवीतली पिन काढली. पंखे थांबले. पिवळीवर शून्य, लालवर शून्य. जांभळीवर तरीही पाच.

मी पिन परत घातली आणि तिथेच फरशीवर बसलो. म्हणजे काउंटरवर मी एकेक डबा ठेवला, प्लग लावला, तेव्हा प्रत्येक डबा जांभळ्या वायरीवर जागा होता. सोळाच्या सोळा. आणि हे मीटर, हेच, खिळ्याला हातभर अंतरावर लटकत होतं. मी ते उचललं नाही. फिरत नाही ना, मग मेलं, असं म्हणून मोकळा झालो. घड्याळजीच करू शकेल अशी चूक. दुसऱ्या कुणी निदान तुला विचारलं असतं.

चुकलो. सोळा जिवंत डबे मी भंगारात दिले आणि तुलाच धंदा शिकवला.

संध्याकाळी आईला म्हटलं, तुला हे सगळं माहीत होतं? म्हणाली, "तो दुपारभर करत बसायचा, मी बाजूला भाजी निवडायचे. सगळं सांगायचा." मग मला का नाही सांगितलंस सहा वर्षांत? तिचं उत्तर जसंच्या तसं लिहितो, मध्ये तीन वेळा थांबून दिलेलं: "सांगितलं असतं, तर सोळांचं ओझं घेऊन बसला असतात. एक तर गेलाच होता घरातून. दुसऱ्याला कशाला दुखवायचं?"

दार अडवायला म्हणून तिने तो डबा का मागून घेतला होता, हे आता मला विचारायची गरज उरली नाही.

बाबा


२४ मार्च, सोमवार

चिरंजीवास,

तुझं पत्र आलं. सात ओळी आणि एक आकृती. वर मायना नाही, खाली सही नाही. तरी मी ते चार वेळा वाचलं आणि आकृती आईच्या उशाशी भिंतीला लावली.

"पिवळी-काळी जोरात, लाल-काळी हळू. हळूवर सुटला नाही तर बोटाने एकदा ढकला. डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज राहते. जाळीवर पांघरूण पडू देऊ नका. पिन निघते, तिथे बटण लावा. आवाज होतो का ते आईला विचारा. मला कळवा."

उघडू नका, देऊ नका, लावा, विचारा, कळवा. रागातही तू मला अहोजाहो सोडलं नाहीस हे मी पाहिलं.

लाल-काळीवर लावला. पातं जरा हललं, अडखळलं, थांबलं. तू लिहिलंस तसं बोटाने ढकललं आणि ते सुरू झालं, मंद, पाती मोजता येतील न येतील असं. अरे, हे तर मी रोज करतो! घड्याळ साफ करून बंद केलं की लंबकाला असंच एक बोट लावायचं असतं, मग ते आपलं आपण चालतं. सहा वर्षं मला वाटायचं, तू माझा धंदा सोडून भंगारात शिरलास. तू बोट लावत बसला होतास, मला दिसलं नाही.

हळूवर आवाज होत नाही. आईला विचारलं. म्हणाली, "घड्याळाच्या दुकानात एक डास शिरलाय, एवढाच." तिला चार पंखे हवे होते. डाव्या गालाला एक, उजव्याला एक, दोन कपाळावर. तेव्हा आपल्या पुढच्या खोलीतलं लांबट घड्याळ, ज्याचं यंत्र मी केव्हाच दुसऱ्याला दिलं, त्याची रिकामी पेटी उतरवली. तबकडीच्या जागी दोन पंखे, लंबकाच्या जागी दोन. दार काढून टाकलं. पलंगाच्या बाजूच्या टेबलावर पेटी उभी, मागे थोडा लांब, मोकळ्यावर डबा. दिव्याचं एक जुनं बटण हिरवी-काळीवर जोडलं. पिन आईने परत मागितली आणि अंबाड्यात खोवली. दोन पाय खरवडलेले, पांढरे. म्हणते, हीच बरी बसते.

आता मुख्य गोष्ट. डबा पेटीमागे ठेवण्याआधी पुसायला घेतला. वर माझ्या चपलेचे डाग होते, सहा वर्षांचे. उलटा केला तर तळाला, लेबलच्या कडेला, काहीतरी ओरखडा दिसला. खिडकीशी नेला आणि भिंग चढवलं.

तुला हे माहीत आहे, तरी लिहितो, लिहिल्याशिवाय माझं मलाच खरं वाटणार नाही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणावर आतून आम्ही सुईने खूण कोरतो आणि खाली तारीख. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला दिसते. त्याला कळतं की हे कुणीतरी पाहिलं होतं, हे चालू करून दिलं होतं. माझ्या गुरूंची खूण नुसता त्रिकोण. त्यांनी मला धंदा दिला तेव्हा म्हणाले, तू आत एक रेघ घाल. माझ्या हाताखाली कुणी टिकलं नाही, म्हणून दोन रेघांची खूण मी कुणाला दिली नाही.

डब्याच्या तळाला त्रिकोण होता. आत दोन रेघा. खाली बारीक तारीख, आपलं भांडण झालं त्याच्या आठ महिने आधीची.

तू मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी हसलो असतो आणि म्हणालो असतो, डब्यांना कुठे खूण करतात. म्हणून तू न विचारता घेतलीस आणि भंगारातून उचलून जिवंत केलेल्या एकेका डब्यावर, माझी खूण एका रेघेने पुढे नेत, मला न दाखवता कोरलीस. आई म्हणते, प्रत्येकावर होती. म्हणजे त्या दिवशी काउंटरवरचा एक, फक्त एक डबा मी उलटा करून पाहिला असता! माझ्या अंगवळणी पडलेलं काम आहे ते. कुणाचंही घड्याळ आलं की मी आधी झाकण उघडून खुणा वाचतो. परक्या कारागिराला जो मान देतो तो तुला दिला नाही.

भिंग डोळ्यावर तसंच ठेवून मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. आईने हाक मारली, "काय सापडलं?" मी म्हटलं, मुलगा.

बाबा


६ एप्रिल, रविवार

खटपट्यास,

आज तुम्ही बोललात तेव्हा मी जिन्यात नव्हतो, खोलीतच होतो. पेटी सुरू होती. अकरा मिनिटं बोलली ती, हात फक्त दोनदा फोनवर गेला. तू काहीतरी विचारलंस आणि ती म्हणाली, "हो, इथेच बसलेत, कान टवकारून." तरी तू फोन ठेवला नाहीस. मीही मुद्दाम खोकलो नाही.

आता सांगायचं ते सांगतो.

शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी छाती तपासली, कागद बघितले, औषधांत काही बदललं नाही. पेटीचं ऐकून हसले, म्हणाले, मला एकदा दाखवा. मग पुढची तारीख लिहून दिली. आजवर ते महिन्याची तारीख द्यायचे. या वेळी पंधरा दिवसांची दिली. मी कारण विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण वेळ मोजून पोट भरणाऱ्या माणसाला एवढं कळतं. आईलाही कळलं. रिक्षात म्हणाली, "बरं झालं, लवकर लवकर फिरायला मिळेल."

तिला भीती वाटत नाही असं नाही. दुपारी कधीकधी माझं मनगट धरते आणि सोडत नाही. पण पेटी सुरू झाली, केस हलायला लागले, की पकड सैल होते. चार पंखे आणि एक डबा यांच्याकडून इतकं होतं, आणि मी अजून रोज बटण दाबताना थोडा थांबतो. रोज वाटतं, आज नाही उठणार. रोज उठतो.

काल पेटीचं राहिलेलं काम संपवलं. मागची फळी घासली, वायरी नीट बांधल्या, चारी कोपऱ्यांना स्क्रू मारले. आणि सवयीने सुई हातात घेतली. चाळीस वर्षांत खूण केल्याशिवाय माझ्या टेबलावरून एक वस्तू हललेली नाही. फळीवर सुई टेकवली आणि हात थांबला. काय कोरू? हे माझं काम नव्हे. मी फक्त पेटी दिली, तीही रिकामी. जिवंत केलेली वस्तू तुझी, तीही सहा वर्षांपूर्वीची. खोटी खूण मी आजवर केली नाही.

सुई परत ठेवली. आईने पाहिलं. म्हणाली, "मग विचारा की त्याला." म्हटलं, तो येईल का? तर म्हणते, "तुम्ही एकदा तरी ये म्हणालात का?"

नाही म्हणालो. मला वाटत राहिलं की तू ताठ्यात बसलायस, तुला वाटत राहिलं असेल की मी. डबा उठत नव्हता तेव्हा मी त्याला मेला म्हणालो, पण ऊठ म्हटलं नव्हतं. तुझ्याशीही मी तसाच वागलो.

तर आता म्हणतो, कागदावर, आवाज न चढवता. ये.

दुकानाचं सामान तुझं, गिऱ्हाइकं तुझी, असलं काही सांगायला बोलवत नाही. तुझं तिथे जे चाललंय ते चालू दे. आईशी फोनवर नको, समोर बसून बोल, आणि मी चहा करीन. पेटीच्या मागच्या फळीवर उजवा कोपरा कोरा ठेवलाय. दोन रेघांची खूण मी तुला दिली, जी तू आधीच घेतलीस. सुई काउंटरच्या उजव्या खणात, भिंगाशेजारी आहे.

तारीख तूच कोर. फक्त फार पुढची कोरू नकोस.

बाबा